सांगितलेली जागा

साइमाने दोरी ओढली तशी होडीच्या टोकाला लावायची विजेची मोटर खाडकन वर आली आणि फळीवर आडवी झाली. तिने ती परत खाली सोडली, परत ओढली. उजव्या मनगटातून कळ गेली तेव्हा तिने दोरी डाव्या हातात घेतली आणि पुन्हा एकदा ओढून पाहिली.

"मावशी, मी दाखवतो ना," वेंडेल म्हणाला. दुकान त्याचं होतं आणि मोटरही अजून त्याचीच होती.

"तू दाखवलंस तर तुझ्या हाताला जमतं एवढंच कळेल मला."

तिचा नवरा आर्वो दुकानाच्या दुसऱ्या टोकाला एका लहान मोटरपाशी उभा होता. तिच्या पांढऱ्या दांड्यावरून हात फिरवत तो म्हणाला, "हीच घेऊ. सुटसुटीत आहे."

"दांडा आखूड आहे."

"असू दे की."

"वायव्येचा वारा सुटला की होडीचं टोक वर उडतं. तुझा पंखा हवेत फिरेल."

"वायव्येचा वारा असताना जायचंच कशाला?"

"तीस वर्षं जातोय आपण," साइमा म्हणाली. "भिजायची मी, म्हणून तुझ्या लक्षात नसेल."

बिग ऑटर तळ्यावर आर्वो रांटालाचं नाव होतं. तळ्याच्या उत्तरेला पाण्याखाली दगडांचं मोठं खडप आहे आणि मिनेसोटातले सगळ्यात चवदार वॉलआय मासे तिथे लागतात, असं तळ्याकाठचे लोक शपथेवर सांगतात. पण तिथे नांगर टाकला तर तो दगडात अडकून बसतो. म्हणून होडीची मागची बाजू लाटांकडे करायची, इंजिन उलटं चालवायचं आणि वाऱ्याशी रेटारेटी करत होडी एका जागी धरून ठेवायची. आर्वोची होडी तिथे खिळा ठोकल्यासारखी उभी राही. आर्वो पुढच्या टोकावर गळ टाकून बसे आणि एकामागून एक मासे वर काढी. गुपित काय म्हणून कोणी विचारलं तर म्हणे, "हात हलका लागतो."

इंजिनाची मूठ साइमाच्या हातात असे. लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यापासून ती मागच्या फळीवर बसत आली होती. लाटा तिच्या पाठीवर फुटत. त्या मुठीची थरथर मनगटात मुरत मुरत गेली आणि गेल्या सप्टेंबरात मनगट कापून आतली नस मोकळी करावी लागली. डॉक्टरने सांगितलं, आता ती मूठ विसरा. ऑक्टोबरात तिच्या जागी तिचा धाकटा भाऊ तौनो बसला. दोघं पुरुष तीनदा गेले आणि तिन्ही वेळा रिकाम्या हाताने परत आले.

"तौनोचा हात थरथरतो," आर्वो आता वेंडेलला सांगत होता. "मला अशी मोटर पाहिजे, की जिथे सांगितलं तिथून हलता कामा नये."

"मग जीपीएसवालीच घ्या. बटण दाबलं की ती जागा पक्की. वारा येवो, लाट येवो, ती आपली आपण जोर लावते आणि चार हातांपलीकडे सरकत नाही. नांगरच समजा, फक्त तळाला न टेकणारा."

"वा! म्हणजे साइमाची सुटका झाली." आर्वो मोठ्याने हसला. "आता खुशाल घरी बस, शेगडीशेजारी पाय पसरून."

वेंडेलही हसला. मग त्याचं लक्ष साइमाच्या चेहऱ्याकडे गेलं आणि तो काउंटरवरचे स्क्रू गोळा करू लागला.

"माझ्या जागी येतेय ना ती?" साइमा म्हणाली. "मग तिला मी निवडणार."

तिने खरंच निवडली. वारा फिरला तर ही तोंड कशी फिरवते, पंख्यात गवत अडकलं तर काय करायचं, दगडावर आपटली तर दांडा वाकतो की तुटतो, सगळं तिने वेंडेलला विचारलं. आर्वो दोनदा घड्याळाकडे बघून गेला.

"आणि बॅटरी संपत आली तर?"

"आधी ओरडते, मावशी. पीं पीं करून डोकं उठवते."

"माझ्यापेक्षा बरी आहे. मी कधी ओरडले नाही."

शेवटी तिने लांब दांड्याची मोटर घेतली. वेंडेलने रिमोट दोरीत ओवून आर्वोपुढे धरला. साइमाने मध्येच हात घातला आणि ती दोरी आपल्या गळ्यात अडकवली.

"अगं, तू कुठे येणार आहेस?" आर्वोने विचारलं.

 ती भिंतीवरच्या गळाच्या काठ्या बघत होती. त्यातली एक हलकीशी तिने उतरवून घेतली आणि आपल्या पर्समधून तिचे पैसे दिले.

मासेमारीच्या हंगामाच्या पहिल्या दिवशी, मे महिन्यातल्या गारठ्यात, आर्वो कॉफीचा थर्मास घेऊन धक्क्यावर आला तेव्हा साइमा होडीत बसलेली होती. मागच्या फळीवर नाही, पुढच्या टोकाला, मोटरपाशी. अंगात रेनकोट, गळ्यात रिमोट, मांडीवर नवी काठी.

"तू कशाला?" तो म्हणाला. "मशीन आहे ना."

"मशीन आहे म्हणूनच. आता माझे हात मोकळे झाले."

"डॉक्टर काय म्हणाला आठवतंय ना?"

"इंजिनाची मूठ धरू नका म्हणाला. गळ धरू नका असं कुठे म्हणाला?"

"तुला टाकता तरी येतो का गळ?"

"तीस वर्षं तुझ्या मागे बसून बघतेय. कसा टाकू नये ते तरी नक्की कळलंय."

आर्वोने आणखी काहीतरी बोलण्यासाठी तोंड उघडलं. पण शेजारच्या धक्क्यावर माणसं होती आणि ती सगळी त्यांच्याकडेच बघत होती. तो होडीत उतरला. पुढे जागा नव्हती म्हणून मागच्या फळीवर बसला, इंजिन सुरू केलं आणि होडी खडपाकडे वळवली.

तिथे पोचल्यावर साइमाने मोटर पाण्यात सोडली आणि रिमोट हातात घेतला. "सांग. कुठे?"

"सांगायला कशाला हवं? नेहमीचीच जागा. पलीकडच्या काठावर गावची पाण्याची टाकी दिसते ना? तिच्या बरोबर पुढे ते वाळलेलं झाड आलं की थांबायचं."

"इथे?"

"अजून जरा. अजून. हां, बास! इथेच."

"नक्की?"

"अगं, डोळे बांधलेस तरी सांगेन."

साइमाने बटण दाबलं. मोटर एकदा गुरगुरली, डावीकडे वळली, उजवीकडे वळली आणि गप्प झाली. वारा होता, लाटाही होत्या, पण होडी जागची हलेना. आर्वो उठून उभा राहिला, टाकीकडे बघितलं, झाडाकडे बघितलं आणि लहान मुलासारखा खूश झाला.

"बघितलंस? बघ कशी उभी आहे! घोडा खुंट्याला बांधावा तशी!"

"बघतेय."

त्याने गळ टाकला. साइमाने काठी मांडीवरच ठेवली आणि थर्मासमधून कॉफी ओतून घेतली.

सूर्य वर आला. आजूबाजूच्या होड्यांतून मधूनमधून आरडाओरडा ऐकू येई आणि हातजाळीत काहीतरी चमकताना दिसे. आर्वोचा गळ जसा जाई तसाच परत येई. त्याने आमिषाचा छोटा मासा काढून जळू लावली, जळू काढून परत मासा लावला. गळाचं पिवळं शिसं बदलून नारिंगी केलं, नारिंगीचं हिरवं केलं. साइमाने वेलचीचा पाव कापून अर्धा त्याच्यापुढे धरला, तो त्याने घेतला नाही.

तौनो आपल्या होडीतून जवळून गेला. त्याने मुद्दाम वेग कमी केला.

"काय दाजी! मशीनला मासे आवडत नाहीत वाटतं?"

"तू आपलं बघ!"

"माझे तीन झाले. ताई, पाव उरलाय का गं?"

तिने त्याच्याकडे पावाचा तुकडा फेकला. त्याने तो झेलला आणि हसत निघून गेला.

आर्वोने काठी होडीच्या तळाशी आदळली. "फसवलं वेंडेलने. सरकतेय ही. मला आधीपासून शंका होती. सोमवारी नेऊन त्याच्या तोंडावर मारतो. पुढच्या शनिवारी ते शिकागोचे दोघं माझ्याबरोबर मासे धरायला यायचेत, त्यांना काय दाखवू? ही मोटर?"

"टाकीपुढे झाड आहे का?" साइमाने विचारलं.

त्याने बघितलं. "आहे."

"मग सरकली कुठे?"

"तेच तर! मग मासे कुठे गेले?"

साइमाने कपातली उरलेली कॉफी पाण्यात ओतली. "तू सांगितलंस तिथेच उभी आहे ती," ती म्हणाली. "मी कधीच तिथे उभी राहिले नाही."

आर्वोने मान तिरकी केली, ऐकू न आल्यासारखी. "म्हणजे?"

"म्हणजे जागा ही नाही. ही कधीच नव्हती. इथे नुसते दगड आहेत. दगड संपून वाळू लागते तिथे मासे असतात. तिकडे, दोन होड्यांच्या अंतरावर."

"तुला काय माहीत?"

"खोली दाखवायचं यंत्र माझ्या पायाशी होतं, आर्वो. तू एकदाही मागे वळून बघितलं नाहीस."

लाट आली, होडी जरा डोलली आणि मोटरने तिला परत जागेवर आणून ठेवलं.

"मूठ धरली त्या पहिल्याच उन्हाळ्यात सांगितलं होतं तुला," साइमा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण ती त्याच्याकडे सरळ बघत होती. "म्हटलं, तिकडे घेते. तू म्हणालास, तू होडी धर, माशांचं मी बघतो. मग मी होडी धरली."

"आणि एवढी वर्षं..."

"एवढी वर्षं."

"मी विचारायचो की तुला. सरकतोय का आपण, म्हणून."

"मी म्हणायची, लाट आहे."

आर्वोने टोपी काढली. कपाळावर टोपीची लाल रेघ उमटली होती. त्याने परत एकदा टाकीकडे आणि झाडाकडे पाहिलं, जसं काही त्या दोघांनी तरी त्याच्या बाजूने बोलावं. मग त्याला काहीतरी आठवलं.

"तौनो तर ऑक्टोबरात..."

"तौनोने बिचाऱ्याने तुझं ऐकलं."

 आर्वो टोपीच्या काठाला लागलेला माशाचा वाळका खवला नखाने खरवडत बसला. खवला निघाल्यावरही त्याचं नख चालूच होतं.

"सांगायचं तरी," तो शेवटी म्हणाला.

"सांगितलं होतं. एकदा. माझ्याच नवऱ्यापुढे शाळेतल्या मुलीसारखा किती वेळा हात वर करून उभी राहू?"

त्याने मान हलवली. ती हो होती की नाही, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

"मग... कुठे नेमकं?" त्याने विचारलं.

हा प्रश्न कधीतरी आला तर काय उत्तर द्यायचं, हे साइमाने लाटा अंगावर घेताना अनेकदा ठरवलं होतं. झोंबेल असंच काहीतरी ठरवलं होतं. पण तो एवढ्या खालच्या आवाजात येईल असं तिला वाटलं नव्हतं. ती क्षणभर रिमोटकडे बघत राहिली.

"हातजाळी घे," ती म्हणाली.

"अं?"

"जाळी. तुझ्या पायाशी आहे. घे हातात."

तिने बटण दाबलं. होडी आपली आपण निघाली, आडवी, सावकाश. झाड टाकीपासून सुटलं. दोन होड्यांचं अंतर कापून ती थांबली आणि तिथे रोवल्यासारखी उभी राहिली. साइमाने गळ टाकला. पहिल्यांदा तो होडीच्या कडेलाच पडला आणि आर्वोने दुसरीकडे बघितलं. दुसऱ्यांदा तिने काठीला डाव्या हाताचा आधार दिला आणि गळ बराच लांब गेला.

थोड्या वेळाने काठीचं टोक दोनदा हललं आणि एकदम खाली वाकलं.

"वर धर! काठी वर, आणि ढील दे, ढील..."

"गप्प बस."

तो गप्प बसला. तिचं मनगट दुखत होतं, ते तिच्या जबड्यावरून दिसत होतं. ती उठली नाही, घाई केली नाही. जवळ आला की मासा पुन्हा खोल जाई आणि ती त्याला जाऊ देई. शेवटी सोनेरी कूस पाण्याच्या वर उलटली. आर्वो गुडघ्यांवर खाली आला, दोन्ही हातांनी जाळी पाण्यात घातली आणि मासा उचलून होडीत घेतला. धुरकट काचेच्या डोळ्यांचा, हातभर लांब वॉलआय. दोघंही त्याच्याकडे बघत राहिले.

साइमाने गळाला नवं आमिष लावलं आणि परत टाकला.

आर्वोने आपली काठी उचलली, तिच्याकडे पाहिलं आणि परत खाली ठेवली. जाळी अजून त्याच्या मांडीवर ठिबकत होती.

"शनिवारी ते शिकागोचे दोघं," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"ते दोघं, मी आणि तू. चार गळ होतील. चार गळ पडले की दोऱ्या गुंततात."

"गुंततात खऱ्या."

"एक तरी कमी करायला लागेल."

"मग एकाला येऊ नको म्हणून कळव."

तौनोची होडी दूरवर वळली आणि परत त्यांच्या दिशेने येऊ लागली. आर्वो त्या होडीकडे बघत राहिला. 

"कोणाला कळवू?" त्याने विचारलं. "त्या दातांच्या डॉक्टरला की त्याच्या मेव्हण्याला?"