टाचणाबाहेरचा त्रिकोण

आमच्या बी.एड.ला पाठाचं टाचण म्हणजे वेदवाक्य. शिक्षक काय विचारणार ते डाव्या रकान्यात, मुलं काय उत्तर देणार ते उजव्या. मुलांनी तेच उत्तर का द्यावं, हे विचारायची सोय नव्हती.

एकाहत्तर सालच्या फेब्रुवारीत नगरच्या एका शाळेत माझा गणिताचा वार्षिक पाठ होता. विज्ञानाचा आधीच फसला होता. हाही गेला तर वर्ष वाया. कोपरगावजवळ आमच्या गावात नवं हायस्कूल निघालं होतं, गणिताला मास्तर नव्हता, आणि ती जागा माझ्यासाठी फक्त जूनपर्यंत राखली होती. मला ती मनापासून हवी होती.

विषय पायथागोरसचा सिद्धांत, वर्ग नववीचा. शेवटच्या बाकावर परीक्षक शमुवेल सर बसले होते. इस्त्री कडक, शेरे त्याहून कडक.

मी पहिला प्रश्न अर्धा विचारला आणि उत्तर आलं. दुसरा विचारायच्या आधीच आलं. "आज आपण पायथागोरसचा सिद्धांत शिकणार आहोत," हे माझं वाक्यही पहिल्या बाकानेच म्हणून टाकलं. महिनाभरात आमच्यातल्या तिघांनी याच वर्गावर हाच पाठ घेतला होता! दहा मिनिटांत माझं पस्तीस मिनिटांचं टाचण संपलं.

मी मुळात तापट. रागाच्या भरात लाकडी गुण्या न घेताच फळ्यावर त्रिकोण ओढला आणि ओरडलो, "म्हणा सिद्धांत!"

वर्गाने एका सुरात कर्णाचा वर्ग म्हणून दाखवला.

"सर," खिडकीजवळची चांगुणा उभी राहिली, "ह्यो काटकोन न्हाई वाटत."

मी पाहिलं. पोरगी बरोबर होती. मागे शमुवेल सरांचं पेन चालू झालं. फळा पुसावा असं फार वाटलं.

"चुकलो," मी म्हणालो. "पण सिद्धांत तर तुम्ही म्हटलात. ये, मोजून बघ, लागू पडतो का."

तिने पट्टी लावली. तीस, चाळीस आणि तिसरी बाजू चोपन्न सेंटिमीटर. वर्गांची बेरीज पंचवीसशे, चोपन्नाचा वर्ग दोन हजार नऊशे सोळा.

"आवं, जमतच न्हाई की!" कोणीतरी ओरडलं आणि वर्ग फळ्यावर तुटून पडला. कोन वाढवला की बाजू वाढते, कमी केला की घटते, मधे एकाच जागी जमतं. ती जागा सापडली तेव्हा नुसता कल्ला झाला. मी टाचण विसरलो, परीक्षा विसरलो. इतकी मजा मला गणितात कधी आली नव्हती.

त्या गर्दीत मागून एक हात वर झाला. शमुवेल सरांचा.

"एक बाजू वाढवून बघू का?" ते म्हणाले, आणि खडू घ्यायला पुढेही आले.

घंटा झाली. निष्कर्ष राहिला, गृहपाठ राहिला, फळ्याचा तर उकिरडा झालेला. मी भानावर आलो तेव्हा सर शेरे लिहीत होते. कागद हातात पडल्यावर पहिल्याच ओळीवर माझी नजर अडकली.

"पाठ टाचणाप्रमाणे झाला का?" असा छापील प्रश्न होता. पुढे सरांनी लिहिलं होतं, "नाही, देवाच्या कृपेने नाही. उत्तीर्ण."