ठोकळ्यांची झोप

सुताराने स्टुलाच्या पायात खुंटी बसवली आणि हातोडीने ठोकली. आवाज असा आलाच नाही. हातोडीच्या तोंडावर जुन्या चादरीची पट्टी गुंडाळलेली होती. तान्ह्या बाळाला थोपटावं तेवढंच काहीतरी ऐकू आलं. बाकाखाली भुशात बसलेल्या ठकीने, त्याच्या नातीने, न बोलता पुढची खुंटी वर धरली.

ती पट्टी त्याने बायकोच्या आजारपणात बांधली होती. बायको आतल्या खोलीत पडून असायची आणि ठोक्यागणिक दचकायची. थंडी सरता सरता ती गेली. पट्टी राहिली.

ठकीची आई कामाला निघाली होती. ती दारात थबकली.

"बाबा, उद्या हिला बालवाडीत न्यायचंय. मी बोलून ठेवलंय."

"तिथं काय शिकवणार हिला? ओलं लाकूड, सुकं लाकूड नुसत्या वासावरून सांगते ती."

"वा! म्हणजे मोठेपणी वाळवी होणार आमची ठकी."

तो हसला नाही. "तू कुठे गेली होतीस बालवाडीत? अडलं का तुझं काही?"

"मला घरात आई होती," ती बोलून गेली. मग चपलेचा पट्टा उगाच ओढत राहिली. "एकच दिवस तिथं बसून बघा, बाबा. नाही रमली तर घेऊन या. मी पुन्हा विषय काढणार नाही."

ती गेल्यावर त्याने रंधा उचलला. ठकी रमायची नाही, अशी त्याची खात्री होती. पण रमली तर? मग सकाळपासून त्याच्यासमोर आतल्या खोलीचं किलकिलं दार तेवढं उरणार होतं. रंध्यातून सुटलेलं सालपट उन्हात तरंगत खाली आलं. ठकीने ते अलगद झेललं. भुशाच्या धुक्यात घर असं निवांत झालं की त्याला वाटायचं, आत कोणीतरी आत्ताच कूस बदलली.

बालवाडीतल्या खुर्च्या वीतभर उंचीच्या होत्या. सुतार भिंतीशी बसला तेव्हा त्याचे गुडघे छातीला लागले. समोर नुसता कालवा चालला होता. कोणी गाडी झालं होतं, कोणी त्या गाडीखाली सापडून रडत होतं. ठकी मात्र रडली नाही. त्याच्याकडे तिने वळूनही पाहिलं नाही, आणि ते त्याला जरा लागलं.

ती ठोकळ्यांपाशी बसली होती. बाहुलीच्या टोपलीतलं फडकं तिने घेतलं, एक ठोकळा त्यात नीट गुंडाळला आणि दुसऱ्यावर ठेवला. मग फडकं हळूच ओढून काढलं आणि पुढचा ठोकळा गुंडाळला. मनोरा चढत होता, पण टक् असाही आवाज नव्हता. शेजारच्या पोराने आपला ठोकळा धाडकन आपटला, तशी तिने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू. आजी झोपलीय."

पोराने इकडेतिकडे पाहिलं. "कुठाय?"

 ठकी फडक्याची घडी घालत राहिली.

"गंमतच आहे तुमच्या नातीची," बाई सुताराजवळ येऊन म्हणाल्या. "ठोकळ्यांना झोपवते. मघाशी दारही दोन्ही हातांनी लावलं तिनं, कडी वाजू न देता. घरी आजी आजारी असतात का?"

सुतार आपल्या तळव्याकडे बघत राहिला. कडी अशी दोन्ही हातांनी कोण लावतं, ते त्याला ठाऊक होतं.

"नाही," तो म्हणाला. "आता नाही."

 बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "रमली नाही वाटतं अजून. न्यायचं असेल तर न्या आज. पहिल्या दिवशी पुष्कळजण नेतात."

हेच ऐकायला तो आला होता. तो गुडघ्यांवर हात टेकून उठला. दारापर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

"राहू दे तिला," तो म्हणाला. "दुपारी येतो मी. उद्या सकाळी पुन्हा आणतो."

दुपारी घरी आल्याबरोबर ठकी सवयीने बाकाखाली शिरली. सुताराने हातोडी मांडीवर घेतली. पट्टीच्या गाठीत सरस मुरून तिचा दगड झाला होता, नखाने सुटेना. शेवटी त्याने ती पटाशीने कापली. कापडाखालचं लोखंड नव्यासारखं निघालं.

त्याने स्टूल उलटं केलं, खुंटी धरली आणि घाव घातला. आवाज भिंतींना धडकून साऱ्या घरात फिरला. त्याचं त्यालाच दचकायला झालं.

ठकी ताडकन बाहेर आली. तिने त्याचा गुडघा घट्ट धरला.

"आजोबा! आजी उठेल ना!"

सुताराने आतल्या खोलीकडे पाहिलं. दार किलकिलं होतं.

"उठू दे, बाळा," तो म्हणाला आणि हातोडी तिच्याकडे केली.

तिने ती दोन्ही हातांनी पेलली. एकदा दाराकडे पाहिलं, मग डोळे मिटून मारली. खुंटी चुकली, घाव स्टुलाच्या पायावर बसला आणि आवाज झाला तो झालाच. भुशाचे कण उन्हात वर उडाले. ते पुन्हा खाली बसेपर्यंत दोघं कान देऊन उभे राहिले.

आतून काही आलं नाही.

"जोरात मार," सुतार म्हणाला. "अजून जोरात."