उत्तराची अपेक्षा नसलेली बाई

भाचीचं भाषण ऐकायला मी कडक इस्त्रीचे कपडे घालून गेले, पहिल्या रांगेत बसले, आणि तिथेच माझं डोकं फिरलं.

बहिणीची मुलगी ती. कॉलेजची सगळी वर्षं माझ्याच घरी राहिली. आता विद्यापीठात संशोधन करते. म्हातारी माणसं फोनवर काय पाठवतात आणि का, हा तिचा विषय. ‘मावशी, अभ्यासाला तुझे मेसेज वापरू का?’ असं तिनं विचारलं, तेव्हा मी म्हटलं, वापर की, त्यात काय सोनं दडलंय!

पडद्यावर माझे मेसेज आले. नाव काढून टाकलेलं, वर नुसतं ‘सहभागी क्रमांक सात’. गुलाबाचं फूल, सुप्रभात. कोमट पाण्याचे फायदे. ‘जेवलीस का?’ पुन्हा गुलाब. मागची पोरं फिदीफिदी हसली. हसेनात का, ते गुलाब मलाही फारसे आवडत नाहीत.

मग तिनं बटण दाबलं आणि खाली निष्कर्ष उमटला: ‘पाठवणाऱ्या व्यक्तीला उत्तराची अपेक्षा नसते.’ पुरावा काय, तर दोन वर्षं उत्तर आलं नाही तरी मेसेज थांबले नाहीत. विद्वान मंडळी माना डोलवत ते उतरवून घेऊ लागली. उद्या हे छापूनही येणार.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अगं, ते मेसेज गेले कुणाला? तुलाच ना! उत्तर तू द्यायचं नाहीस, आणि वर मला ते नकोच होतं म्हणून जगाला सांगायचं? चोराच्या उलट्या बोंबा!

प्रश्नांची वेळ झाली तसा मी हात वर केला. माइक देणाऱ्यानं विचारलं, ‘आपण कुठल्या विभागाच्या?’

‘मी क्रमांक सात.’

भाची पांढरीफटक पडली. ‘मावशी, घरी बोलू ना,’ ती पुटपुटली.

‘घरी येतेस कुठे तू? फोन केला की “कामात आहे” म्हणून कापतेस, म्हणून फुलं पाठवायचे. आणि मग दिवसभर फोन ओट्यावर उताणा ठेवून भाजी चिरायचे, तुझं काही आलं तर दिसावं म्हणून. हे कुठे आहे तुझ्या पडद्यावर?’

अध्यक्ष खाकरले. ‘बाई, हा प्रश्न नाही, हे मत झालं.’

‘प्रश्न हवाय? घ्या. मला काय हवं होतं, हे हिनं मला एकदा तरी विचारलं का?’

अध्यक्षांनी भाचीकडे पाहिलं. ती पडद्यावरच्या माझ्या मेसेजकडे बघत राहिली. मग माइक तोंडाशी नेऊन म्हणाली, ‘नाही जेवले, मावशी.’

दोन वर्षांनी उत्तर आलं, तेही भर सभेत! उपाशीपोटी उभी होती पोर, पण माझा राग तसूभर हलला नाही.

‘आधी ते वाक्य खोड,’ मी म्हटलं. ‘जेवायचं मग बघू.’