राजवैभवची खूण

"काका, हॉटेल जिथं हाय तिथंच खूण टाकाला लागते," दीपेश तिसऱ्यांदा म्हणाला.

"आनि मी सांगतंय, नाक्यावर टाक." केसरीनाथ पाटलानं टेबलावर हात आपटला. कीबोर्ड उडाला.

दीपेश अंजूरच्या एका गोदामात कॉम्प्युटर चालवायचा. साल २००९. इंटरनेटवरच्या नकाशात तोवर अंजूर म्हणजे खाडीची निळी पट्टी आणि शेजारी एक रस्ता, एवढंच होतं. त्यात कुणालाही आपल्या दुकानाची खूण टाकता येते हे दीपेशला कळलं, तेव्हा त्यानं गंमत म्हणून नाक्याजवळच्या काळूरामच्या पंक्चरच्या दुकानाची टाकून पाहिली. आठवड्याभरात वापीचा एक ट्रक थेट काळूरामच्या दारात येऊन उभा राहिला. ट्रान्सपोर्टवाले गाडी सोडताना नकाशा छापून ड्रायव्हरच्या हातात द्यायला लागले होते. काळूरामनं तो कागद मागून घेतला आणि देवाच्या फोटोशेजारी चिकटवला. तेव्हापासून खूण टाकून घ्यायला गावाची रीघ लागली आणि दीपेशला जेवायलाही उसंत नव्हती.

केसरीनाथनं भातखाचरं गोदामवाल्यांना विकून खाडीकाठी 'हॉटेल राजवैभव' उभारलं होतं. एसी हॉल, कारंजं आणि कारंज्यात प्लास्टिकचा बगळा. भिंतीपलीकडे चिखलात खरे बगळे फुकट उभे असायचे. हॉटेल नाक्यापासून दीड किलोमीटर आत होतं.

"तुला ठाऊक हाय ना, गावदेवीची पालखी निंगाली का पयली कुनाच्या दारात थांबते?"

"तुमच्या."

"हलदीला पयला नारल कुनाला?"

"तुमाला, काका."

"मंग नकाशात गाव जिथं सुरू होतो तिथं पयलं नाव कुनाचं पायजे? काळूरामच्या टायरचं? आनि माझं पार खाडीत, शेवटाला?"

"पन लोक कागद बघून नाक्यावरच थांबतील."

"थांबू दे. नाव वाचतील, मंग विचारत विचारत येतील. मोठ्या घराला लोक विचारतच येतात."

दीपेशनं शेवटचा प्रयत्न केला. "नाक्यावर पुतळाकाकीची खानावल हाय. तिची खूण टाकाची रायली."

"पत्र्याची चूल नकाशात टाकतस? उद्या म्हशी बांधशील तिथं."

दीपेशनं नाक्यावर खूण टाकली. तो काम करायचा त्या गोदामाची जागा अजून केसरीनाथचीच होती.

पुतळाबाईच्या शेडला चार बाकं होती आणि एक चूल. राजवैभव सुरू झाल्यावर केसरीनाथनं गोदामांच्या सुपरवायझरांना जेवण घालून सांगून ठेवलं होतं, आपले ड्रायव्हर आपल्याकडेच पाठवायचे. ते तसे पाठवतही होते, हातानं खाडीची दिशा दाखवून. पुतळाबाईचं मोठं पातेलं तीन महिने पालथं पडलं होतं. छोट्या पातेल्यातला भातही संध्याकाळी कोंबड्यांना जायचा.

"होलीपर्यंत बघू," ती सुनेला, रुचिकाला म्हणाली होती. "न्हाय जमलं त शेड काळूरामला टायर ठेवाला देऊ. तू गोदामात पॅकिंगला जा."

"आनि तुमी?"

"मना कोन ठेवतंय पॅकिंगला? मनाच बांधून धाडतील."

माघ उन्हाला लागला होता. ट्रकांनी उडवलेली धूळ भाताच्या झाकणावर बोटभर बसायची. अशा एका दुपारी सोळा चाकांचा एक ट्रक शेडसमोर थांबला. ड्रायव्हर कागद घेऊन उतरला.

"अम्मा, राजवैभव यही है?"

"न्हाय रे बाबा. वो खाडी के पास. सीधा जाव."

ड्रायव्हरनं कागद पाहिला, आजूबाजूला पाहिलं, मग खाडीकडचा रस्ता पाहिला. तिथं गोदामात माल उतरवायला नंबर लावलेल्या गाड्या एकाला एक चिकटून उभ्या होत्या. "काग़ज़ में तो यही है. उधर घुसा तो शाम तक फँसूँगा. खाने में क्या है?"

"बोयटाचं कालवण, भाकरी. मच्छी नहीं खाता तो दाल-चावल."

तो जेवला आणि ढेकर देऊन म्हणाला, "राजवैभव का नाम सुना था, आज देखा."

"राजवैभव न्हाय रे!" पुतळाबाई ओरडली. तोवर तो गाडीत बसला होता.

दुसऱ्या दिवशी तीन गाड्या आल्या. सुपरवायझर आता फोनवरच सांगत, राजवैभवला जेवून घ्या, नकाशात आहे. पुतळाबाई प्रत्येकाला खरं सांगायची. तिला खोटं बोलायचं नव्हतं आणि कुणाला खरं ऐकायचं नव्हतं. महिन्याभरात मोठं पातेलंही पुरेना.

"आत्या, दीपेशदादाला सांगून आपलं नाव टाकाचं का?" रुचिकानं विचारलं.

"नाव काय चुलीवर चढवतेस? तांदूल धू."

केसरीनाथला हे कळायला होळी उलटावी लागली. हॉलमध्ये चार वेटर, एक मॅनेजर आणि कारंजं, एवढेच हजर असत. तो घाम पुसत दीपेशकडे आला.

"खूण उचल. खाडीवर टाक."

"टाकतो की, काका." दीपेशनं माऊस हातात घेतला. "मंग नाक्यावर पुतळाकाकीची टाकतो. तिची कवापासून रायली हाय. गावात शिरताना पयलं नाव तिचं येईल."

केसरीनाथ स्क्रीनकडे पाहत राहिला. लाल ठिपका, शेजारी त्याचं नाव, गावाच्या तोंडाशी.

"पयलं तिचं?"

"पयलं तिचं. तुमचं तिच्या मागं."

बाहेर ट्रकांचे हॉर्न वाजत होते. केसरीनाथनं खुर्ची मागं सरकवली, पुन्हा पुढं घेतली.

"राऊ दे," तो म्हणाला. "खूण हाय तिथंच हाय."

"पन काका, हॉटेल..."

"हॉटेल कुठं पलतंय?"

उठता उठता त्याला ठिपक्याखालच्या ओळी दिसल्या. जेवून गेलेल्या गाड्यांच्या मालकांनी ड्रायव्हरांचं ऐकून नकाशावर आपली मतं लिहिली होती. दीपेशनं वाचून दाखवलं. "राजवैभव, अंजूर. घरच्यासारखं जेवण. कालवण एक नंबर. मावशी पोटभर वाढल्याशिवाय उठू देत नाहीत. जागा साधी, पत्र्याची."

"छाप," केसरीनाथ म्हणाला. "मोठ्या अक्षरात. ते पत्र्याचं तेवढं काढ. आनि मावशी पन."

तो कागद आता सोनेरी चौकटीत राजवैभवच्या एसी हॉलमध्ये लावलेला आहे. येणारं कुणी नसल्यामुळे वेटरच तो दिवसातून चार वेळा वाचतात. दुपारी एक वाजला की दोघं कारंजं सांभाळतात आणि दोघं सायकल काढून नाक्यावर जेवायला जातात.