बबनरावांचा ऑनलाइन कोर्स

"साहेब, तुमी सोता मोटरसायकलवर हेल्मेट काहून नाही घालत?"

प्रश्न विचारून झाला तरी संस्कृती उभीच राहिली. पैजच तशी होती. रस्ता सुरक्षा सप्ताहाचं भाषण द्यायला मंगरूळपीरच्या शाळेत आलेल्या रतनसिंग हवालदारांना हा प्रश्न विचारायचा, उत्तर मिळेपर्यंत बसायचं नाही आणि हसायचं तर मुळीच नाही. जिनल आणि चेतना, वर्गातल्या दोघी मैत्रिणींनी मिळून अटी घातल्या होत्या. हरली असती तर आठवडाभर दोघींची दप्तरं वाहावी लागली असती. दोन वर्षांपूर्वी हजेरीला "हजर" म्हणतानाही जिचा आवाज घशात अडकायचा ती हीच पोरगी, हे आता शपथेवर सांगितलं तरी कुणाला पटलं नसतं.

हवालदार गडबडले, मग मिशीतल्या मिशीत हसले. "बरोबर पकडलं व पोरी! उद्यापासून घालतो. नाव काय तुयं?"

"संस्कृती बबनराव गावंडे."

"गावंडे? म्हंजे शाळेची व्हॅन चालवते त्या बबनरावची पोरगी?" हवालदारांचा सूर बदलला. "मंग घरी जाऊन बापालेबी एक प्रश्न इचारजो. परवा चौकात मी रस्त्याच्या डाव्या अंगाले उभा, हात आडवा, शिट्टी वाजवून राह्यलो, पोट्टे रस्ता ओलांडून राह्यले. अन तुया बाप सरळ गाडी घेऊन निघाला. एका लहान पोरीले मी दंडाले धरून मागं ओढलं म्हणून बरं. इचारलं तं म्हणते, दिसलं नाही! आता सांगा पोरांनो, एवढा सहा फुटाचा माणूस दिसत नाही का?"

सगळा हॉल हसला. जिनलनं पटकन तोंडावर हात ठेवला, पण तोवर तीही हसून गेली होती. संस्कृती खाली बसली. पैज जिंकल्याचं तिच्या लक्षातही आलं नाही.

बबनराव गावंडे यांच्याविषयी सांगण्यासारखं काही नाही, असं खुद्द बबनरावच म्हणाले असते. गावातून मंगरूळपीरला पोरं न्यायची आणि परत आणायची, अठरा वर्षं हेच. आधी ऑटोतून, मग सेकंडहँड व्हॅनमधून. कोणतं पोरगं वळणावर ओकतं, कोणाला खिडकी द्यावी लागते, कोण डबा न खाता घरी नेऊन आईचा मार खातं, सगळं त्यांना पाठ. लग्नाच्या पंगतीत बाकीचे लोक सोयाबीनचा उतारा सांगायचे तेव्हा बबनराव सांगायचे, "अठरा वर्षांत एका पोट्ट्याले ओरखडा नाही गेला." एवढीच त्यांची कमाई, आणि ती ते दरवेळी नवीन असल्यासारखी सांगत.

चौकातल्या त्या प्रकारानंतर आता त्यांचं लायसन्स जमा झालं होतं. घरबसल्या मोबाइलवर सुरक्षित ड्रायव्हिंगचा कोर्स करा, परीक्षा पास व्हा, सर्टिफिकेट दाखवा आणि लायसन्स घेऊन जा, असं सांगितलं होतं. तोवर व्हॅन तांड्यावरचा लखीराम चालवत होता. तो दारापुढे थांबत नसे, लांबूनच हॉर्न मारी आणि पोरं दप्तरं सांभाळत पळत सुटत. बबनराव मात्र रोज सकाळी आंघोळ करून, ड्रायव्हरचा खाकी शर्ट घालून फाटकात उभे राहत. गाडी नजरेआड झाली की शर्ट काढून खुंटीला टांगत.

रविवारी दुपारी कोर्स सुरू झाला. संस्कृतीला यात नवीन काहीच नव्हतं. पीकविमा, शिष्यवृत्ती, आधार जोडणी, गल्लीतलं सगळं ऑनलाइन तिच्याच हातून जायचं. लोक दारातून मोबाइल पुढे करायचे आणि ओटीपी आला की ओरडून सांगायचे. बापाचा कोर्स लेकीनं करायचा यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. अडचण एवढीच, की दर थोड्या वेळानं मोबाइल बबनरावांचा चेहरा मागायचा. मग वाटणी ठरली. चेहरा बापाचा, बोट लेकीचं.

"तोंड तं धुऊन बसा," आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली. "सरकार पाहून राह्यलं तुमच्याकडं."

"सरकारनं याच्याहून वाईट तोंडं पाह्यली असतीन," बबनराव म्हणाले, पण उठून तोंड धुऊन आले. केसही विंचरले.

आठ धडे झपाट्यानं झाले. दोन गाड्यांमध्ये किती अंतर ठेवावं, धुक्यात कोणता दिवा लावावा, सगळ्याला संस्कृती खटाखट बोट लावत गेली. नववा धडा वेगळा होता. ड्रायव्हरच्या सीटवरून दिसणारा रस्ता पडद्यावर धावत होता, आणि जिथं धोका दिसेल तिथं बोट ठेवायचं होतं.

"बाबा, हे तं गेम हाये! हा तुमीच खेळा. तुमच्याहून भारी कोण खेळन?"

बबनरावांनी मोबाइल मांडीवर घेतला. उजवीकडून बैलगाडी आली, बोट ठेवलं. समोर ट्रकनं ब्रेक मारला, ठेवलं. डावीकडून सायकलवाला घुसला, बोट हललं नाही. डावीकडून एक पोरगं चेंडूमागं धावत आलं, बोट तसंच. मग पुन्हा उजवीकडे कुत्रं आलं आणि बोट लगेच गेलं.

"बाबा, मजाक करून राह्यले का?"

"बारीक दिसते व मोबाइलवर."

"कुत्रं बरं दिसलं!"

संस्कृती हसत होती. हसता हसताच ती समोर बसली. "माया नाकाकडं पाहा. नजर हलवाची नाही." तिनं बाबांच्या उजव्या बाजूला दोन बोटं धरली.

"दोन."

मग डाव्या बाजूला चार धरली. बबनराव तिच्या नाकाकडे पाहत राहिले. तिनं बोटं हलवली, चुटकी वाजवली. चुटकीच्या आवाजाबरोबर त्यांनी मान झटकन तिकडे वळवली, आणि मग हळूच पुन्हा सरळ केली.

पोळपाटावरचं लाटणं थांबलं.

"दिवाळीपासून," बबनराव म्हणाले. "एक दिवस डोस्कं लय दुखलं होतं, आठवते? गाडीच्या पासिंगले वाशीमले जातो म्हणून सांगून गेलो, तवा दवाखान्यात गेलो होतो. डोये चांगले हायेत म्हणते डॉक्टर. डोस्क्याच्या मागं रगत अटकलं. दोनी डोयाची डावी बाजू गेली. चष्म्यानं जमत नाही, आपरेशन नाही. गाडी चालवू नका म्हणाला."

"अन तुमी चालवत राह्यले?" आईच्या हाताला पीठ तसंच होतं. "मले एक शब्द नाही सांगतला!"

"सांगून काय केलं असतं तुनं? अन मी काही एकटा नोयतो चालवत." त्यांनी संस्कृतीकडे पाहिलं. तिच्याकडे पाहायला त्यांना पूर्ण मान फिरवावी लागली. आजवर हे आपल्याला कसं दिसलं नाही, असं तिला वाटलं. "ही होती ना बाजूले."

दिवाळीनंतर बाबांनी तिला मागच्या सीटवरून उठवून पुढे डाव्या बाजूला बसवलं होतं. "आजपासून तू मायी कंडक्टर," म्हणाले होते. प्रत्येक वळणावर, प्रत्येक चौकात ते विचारायचे, "डावीकडं मोकळं हाये का, कंडक्टर?" आणि ती साऱ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडायची, "जाऊ द्या!" मागची पोरं टाळ्या पिटायची. बाप आपले लाड करतोय असंच तिला इतके दिवस वाटत होतं. आणि त्या दुपारी, चौकात चलान झालं तेव्हा, ती गाडीत नव्हती. स्नेहसंमेलनाच्या नाचाच्या तालमीला शाळेत थांबली होती.

दहावा धडा म्हणजे परीक्षा. वीस प्रश्न, त्यातले पंधरा बरोबर हवे. पडद्यावर 'सुरू करा' असं हिरवं बटण होतं.

"तू देऊन टाक," बबनराव म्हणाले. आवाजात आर्जव होतं, आणि बापाच्या तोंडचं आर्जव तिनं आजवर कधी ऐकलं नव्हतं. "दहावीपर्यंत तू हायेसच बाजूले. पुढचं पुढं पाहू. मले दुसरं काय येते, पोरी? वावर नाही, दुकान नाही. गाडीशिवाय मी म्हंजे कोण?"

संस्कृतीनं आईकडे पाहिलं. आई पदरानं हात पुसत होती, पुसून झाले तरी पुसत होती. "वीसच तं प्रश्न हायेत," ती खाली बघून म्हणाली. "तुले का जड हाये?"

जड नव्हतंच. पाच मिनिटांचं काम होतं. उत्तरं तिला आत्ताच येत होती.

ती बटणाकडे बघत राहिली, आणि तिला आपलीच मान दिसली, पुढच्या सीटवर खाली घातलेली. मांडीवर विज्ञानाची वही, चाचणीच्या दिवशी. किंवा मागे वळून तिथं बसलेल्या प्रज्वलच्या डब्यातलं बोर उचलताना. "डावीकडं मोकळं हाये का, कंडक्टर?" आणि वर न बघताच, सवयीनं, "जाऊ द्या!" असं किती वेळा झालं असेल? दहा? पन्नास? आणि बाबा तेवढ्या शब्दावर गाडी घालत होते. मागे चौदा पोरं टाळ्या पिटत होती.

"बाबा," ती म्हणाली, "मी पाहत नोयती."

"काय?"

"तुमी इचारत होते तवा. काहीकाही वेळा मी पाहतच नोयती. नुसतं जाऊ द्या म्हणत होती."

 बबनरावांनी मोबाइल मांडीवरून उचलून सतरंजीवर ठेवला, काच फुटेल अशा भीतीनं, अगदी हळू. त्यांचे हात गुडघ्यांवर जाऊन बसले. त्या हातांना आता काय करायचं ते ठाऊक नव्हतं.

चुलीकडून पोळी करपल्याचा वास आला. कुणी उठलं नाही.

संस्कृती उभी राहिली. 

"आई, बाबा, आयका. ही परीक्षा मी देत नाही, अन कोणाले देऊबी देणार नाही. चौदा पोरायच्या घरी आज संध्याकाळी जाऊन सांगीन, का बाबाले डाव्या अंगाचं दिसत नाही, म्हणून ते आता गाडी चालवणार नाहीत. काहून लपवलं ते इचारलं तं तेबी सांगीन, अन मी न पाहता हो म्हणत होती तेबी सांगीन. बाबा, तुमी संग आले तं बरं होईन. नाही आले तं मी एकटी जाईन."