न बिघडणारे संगणक

१४ डिसेंबर १९९७, रविवार. जुना संगणक एक, रक्कम शून्य, हजर मी, माझी मुलगी आणि सुमित्राक्का. आमच्या कानडी शहरातल्या शिवाजीनगरात, अक्कांच्या गच्चीवर, कोवळ्या उन्हात, रिठ्याच्या पाण्याने धुतलेली कीबोर्डची बटणं सुपात वाळवणासारखी पसरली होती आणि गहू निवडावेत तशी अक्कांची बोटं त्यांवरून फिरत होती.

टेलिफोनच्या कारखान्यात तीस वर्षं तारा जोडून निवृत्त झालेल्या, मागेपुढे कोणी नसलेल्या या बाई, कचेऱ्यांनी टाकलेले संगणक दुरुस्त करून गरजू घरांना देत. त्या वर्षी माझी हिशेबनिसाची नोकरी गेली होती, म्हणून आमचंही घर गरजूंत. देताना त्या म्हणाल्या, "बिघडला तर घेऊन या अण्णा, संकोच नको."

पुढल्या वर्षी बाजारात भेटल्या. कॉम्प्युटर चालतो ना, विचारलं. उत्तम चालतो, मी अभिमानाने सांगितलं. आणि ढगाआड ऊन जावं तसा त्यांचा चेहरा विझला. बावीस घरांना दिले, त्या हळूच म्हणाल्या, एकही परत आला नाही. त्यांचा हात लागलेलं यंत्र बिघडतच नसे, आणि यंत्र बिघडल्यावाचून त्यांच्या जिन्याला पाऊल लागत नसे.

आयुष्यात कधी खोटी पावती केली नाही अशा मी, त्या संध्याकाळी संगणकाचं झाकण उघडून एक तार उपसली.

रविवारी अक्कांनी ती तार पाहिली, मग मला. "ही आपोआप सुटत नाही, अण्णा." मी मान खाली घातली. "सरी, बरं. आलात, तर स्वल्प, थोडं बसा."

एक तार जोडायला त्यांना तीन तास लागले. कारखान्यातल्या मैत्रिणी, भोंगा, डबे, हरवलेली एक छत्री, सगळं त्या सावकाश सांगत राहिल्या. दोनदा कॉफी झाली. नारळाची सावली गच्ची ओलांडून कठड्यावर चढली.

दर वर्षी एक तार सोडायची, असं मी ठरवलं होतं. पण शहराबाहेर येलहंक्याला नोकरी लागली आणि सव्वा वर्ष निघून गेलं. अखेर रिक्षात संगणक मांडीवर घेऊन गेलो, तर जिन्याला कुलूप. अक्का संक्रांतीलाच गेल्या, खालचा दुकानदार म्हणाला.

वाट पाहून गेलेल्या माणसाचं देणं काळ कधी मागत नाही, म्हणून ते फिटतही नाही. रिक्षावाल्याने मागितलं. जाण्यायेण्याचे अठ्ठावन्न आणि चार मिनिटं थांबल्याचे दोन, असे साठ रुपये त्याला दिले.