रंगाखालची वाट

बाबाने ती गाडी अशी रंगवली होती की बोट लावलं तर निळं होऊन परत येईल, असं टकळीला वाटायचं. सिस्टरबाईंची ही जुनी गाडी महिन्यापूर्वी आली तेव्हा तिचे पोपडे हातात येत होते. बाबाने ती सोलली, घासली, फिटरकाकांकडून इंजिन उतरवून घेतलं आणि बॉनेटच्या आतल्या पत्र्यालासुद्धा रंगाचे तीन हात दिले.

"आत कोण बघतंय, बाबा?"

"मी बघतो ना!"

काल रात्री उशिरा फिटरकाकांनी इंजिन पुन्हा बसवलं, चालू करून बघायचं राहूनच गेलं, आणि आज सकाळी सिस्टरबाई गाडी न्यायला आल्या त्याच फोन कानाला लावून. कालव्यापलीकडच्या वस्तीत एक बाई अडली होती. पहिलटकरीण, पोटात जुळं. अँब्युलन्स शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलेली. सिस्टरबाईंनी बॅग आणि ऑक्सिजनचं नळकांडं मागच्या सीटवर टाकलं, चावी फिरवली.

टक्.

पुन्हा फिरवली. टक्. तेवढंच. बोलायला तोंड उघडावं आणि शब्द घशातच अडकावा, तसं.

बाबा पळत शेजारच्या गाळ्यातून फिटरकाकांना घेऊन आला. काकांनी बॅटरीवर संशय घेतला, बरोबर आणलेली दुसरी भरलेली बॅटरी केबलने गाडीतल्या बॅटरीच्याच दोन टोकांना जोडली. टक्. मग त्यांनी खाली वाकून सेल्फवर, म्हणजे इंजिनाला पहिली गिरकी देणाऱ्या मोटरवर, पान्ह्याने दोन टोले हाणले. टक्.

"सेल्फ गेला," ते उठत म्हणाले. "उतरवायला लागेल. दुपार होईल."

"दुपार?" सिस्टरबाई म्हणाल्या. "त्या पोरीच्या कळा तुमच्या दुपारसाठी थांबणारेत का, फिटरदादा?"

"मग माझ्या स्कूटरवर सोडतो."

"आणि हे नळकांडं काय मांडीवर घेऊ? येताना बाळंतिणीला हँडलवर बसवू?"

बाबा नुसता बॉनेटच्या कडेवरून फडकं फिरवत होता, जसं काही चकाकी वाढली की गाडीला लाज वाटून ती सुरू होईल.

टकळी मात्र दिव्यांकडे बघत होती. "सिस्टरबाई, दिवे लावा आणि पुन्हा एकदा चावी मारा."

टक्. दिवे जरासुद्धा मिणमिणले नाहीत. चांगले डोळे वटारून बघत राहिले.

ती फिटरकाकांकडे वळली. "काका, सेल्फ एवढा खादाड! त्याने करंटचा नुसता एक घास ओढला तरी दिव्यांचा जीव जायला हवा. इथे तर दिव्यांना पत्ताच नाही. म्हणजे ताटात अन्न आहे, तोंडापर्यंत जातच नाहीये. तुमचा मीटर द्या."

"शाळेत दोन तारा जोडल्या की पोरं इंजिनियर होतात बघ," काका बाबाला म्हणाले. पण मीटर दिला.

तिने एक टोक बॅटरीच्या मायनसवर धरलं, दुसरं थेट इंजिनच्या लोखंडावर.

"अगं, मायनस ते मायनस काय मोजतेस? शून्यच येणार!"

"यायलाच हवं. मारा चावी!"

टक्. मीटरवर नऊ व्होल्ट आले; बॅटरीच्या बारापैकी नऊ वाटेतच अडकत होते.

फिटरकाकांनी चष्मा वर केला, खाली केला. "पुन्हा." पुन्हा नऊ.

गाडीत जाणाऱ्या करंटला तार असते, हे टकळीला ठाऊक होतं. पण परत येणाऱ्याला? दिव्यातून, हॉर्नमधून, सेल्फमधून गेलेला सगळा करंट बॅटरीकडे परततो तो गाडीच्या पत्र्यातूनच. दारं, छप्पर, सांगाडा, सगळं लोखंड मिळून एकच एक अजस्र तार! आपण तिच्यात बसतो, तिला टेकून गप्पा मारतो, आणि ती मुकाट्याने सगळ्यांना घरी पोचवते. पुस्तकातली ती एक ओळ आज तिच्यासमोर चार चाकांवर उभी होती.

"इंजिन रबराच्या गाद्यांवर बसतं," ती भराभर बोलू लागली, "म्हणून ते पत्र्याला जोडायला पट्टी असते ना, काका? कुठे बसवलीत?"

काकांनी बोट दाखवलं. इंजिनमागच्या पत्र्यावर तांब्याची विणलेली पट्टी बोल्टने आवळली होती. घट्ट, नीटनेटकी. खाली, भोवती, सगळीकडे निळं.

"इथे आधी उघडं लोखंड होतं," बाबा हळूच म्हणाला. "रुपयाएवढं. मला वाटलं, आधीच्या पेंटरने कामचुकारपणा केलाय. मी भरून काढलं. तीन हात."

"आणि मी डोळे झाकून वर बोल्ट आवळला," काका म्हणाले. "बोल्टाच्या आट्यांतून चिमूटभर जातंय, तेवढ्यात टक् होतं. बाकी सगळं तुझ्या रंगापाशी अडलंय, लेका!"

बाबाने पान्हा मागितला. पट्टी सुटली. मग त्याने पॉलिश पेपर घेतला आणि थांबला. अख्ख्या महिन्यात त्या रंगाला त्याने कुणाला नख लावू दिलं नव्हतं.

"पोरी, नक्की?"

"नक्की, बाबा."

त्याने खरवडायला सुरुवात केली. निळी भुकटी उडाली, खालून प्रायमरचा करडा थर निघाला, मग पांढरंशुभ्र लोखंड चमकलं. काकांनी पट्टी बसवून बोल्ट आवळला.

"मारा, सिस्टरबाई!"

या वेळी टक् झालंच नाही. गाडी एकदम गरजली आणि टकळी दोन पावलं मागे सरली. बॉनेट धाडकन पडलं, सिस्टरबाई "येते!" असं ओरडल्या, आणि गाडी फाटकातून निघून कालव्याच्या रस्त्याला लागलीसुद्धा.

धुरळा खाली बसेपर्यंत तिघंही तिथेच उभी होती.

"त्या पट्टीतून किती जात असेल गं?" बाबाने विचारलं.

"सुरू होताना? दोनशे अँपिअर तरी."

"दोनशे!" त्याने बोटाला लागलेली निळी भुकटी उन्हात धरली, फुंकर मारली. भुकटी उडाली, हवेत दिसेनाशी झाली. "आणि हिने अडवलं होतं."

वस्तीच्या बाजूने हॉर्न ऐकू आला, एकदा, मग आणखी लांबून. टकळीला वाटलं, त्या हॉर्नचा करंटसुद्धा आत्ता त्याच लोखंडातून बॅटरीकडे परत येत असेल.